नाशिकची थंडी आणि डोक्यावरचा सव्वातीन टनांचा स्लॅब

डिसेंबर लागला की आपल्याकडे पेपरात एक बातमी ठरलेलीच असते, निफाडचा पारा घसरला, सोबत कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा आकडा आणि द्राक्षबागेत पेटवलेल्या शेकोटीचा फोटो. त्याच दिवशी सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर "कुठला हीटर चांगला" हे सुरू होतं. यंदा मीही विचारणार होते, कारण आमचा फ्लॅट टॉप फ्लोअरला, गंगापूर रोडकडे, आणि आईचे गुडघे थंडीत अगदी धरतात. पण आई एक वाक्य बोलली आणि मी तिथेच अडकले. दुपारी एकला गॅलरीत बसून ती म्हणे, "अगं इथे कशी छान ऊब आहे, आणि आत गेलं की हुडहुडी भरते, हे कसलं उलटं घर बांधलंय?"

मग मी साधा थर्मामीटर आणून आठवडाभर आकडे टिपले. सकाळी सातला बाहेर १०, आत १९. दुपारी दोनला बाहेर २८, आत जेमतेम २१. म्हणजे आई बरोबरच बोलत होती, दुपारी आमच्या घरापेक्षा बाहेर ७ डिग्री जास्त होते आणि आम्ही दारं-खिडक्या लावून, स्वेटर घालून आत बसलेलो!

हे असं का होतं ते एकदा कळलं की हीटरवरचे निम्मे पैसे तरी वाचतात, म्हणून सगळं सांगते.

थंडीची लाट म्हणजे नक्की काय

बातमीत हा शब्द कसाही वापरतात, पण हवामान खात्याचा त्याला हिशोब आहे. आपल्यासारख्या सपाट भागात किमान तापमान १० किंवा त्याच्या खाली पाहिजे आणि शिवाय ते त्या दिवसांच्या नेहमीच्या आकड्यापेक्षा किमान साडेचार डिग्रीने कमी पाहिजे, तर ती लाट. किंवा मग सरळ ४ किंवा त्याखाली गेलं तर बाकी काही न बघता लाट. त्यामुळे नाशिकला नुसते ९ झाले म्हणून लाट आली असं होत नाही.

दुसरं म्हणजे हा आकडा मोजतात तो पांढऱ्या, फटीफटीच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून चारेक फूट वर. गवताच्या पात्यावर किंवा द्राक्षाच्या पानावर त्याहून बरंच कमी असू शकतं. म्हणून पारा ३-४ दाखवत असतानाही "निफाडला दव गोठलं" अशी बातमी येते आणि ती खोटी नसते. पान हवेपेक्षा गार कसं काय होतं, हाच खरा मुद्दा आहे, आणि आपल्या स्लॅबचंही अगदी तेच होतं.

आभाळ आपली ऊब खातं

कुठलीही वस्तू सतत थोडी थोडी उष्णता न दिसणाऱ्या किरणांनी बाहेर टाकत असते, याला रेडिएशन म्हणतात. शेकोटीपासून चार हात लांब बसलो तरी तोंडाला जो शेक लागतो आणि पाठ गारच राहते ना, ते हेच. फक्त शेकोटीचं जाणवतं, भिंतीचं किंवा पानाचं जाणवत नाही, एवढाच फरक.

रात्री पान, गाडीची टपं, गच्ची हे सगळं आपली ऊब वर आभाळाकडे टाकत असतं. ढग असले तर ते त्यातली बरीचशी परत खाली पाठवतात, म्हणजे ढग ही गावावर टाकलेली गोधडी समजा. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडून कोरडी हवा येते, आभाळ निरभ्र, गोधडीच नाही. म्हणून ढगाळ रात्री थंडी कमी वाजते आणि चांदण्या लख्ख दिसल्या की पहाटे हमखास गारठा. आमचे बागायतदार नातेवाईक संध्याकाळी आभाळाकडे बघूनच सांगतात की आज शेकोटी लागणार.

आता गच्चीचा विचार करा. निरभ्र रात्री उघडा स्लॅब एका चौरस मीटरमागे ५०-६० वॅट तरी आभाळात सोडत असतो. १० बाय १२ च्या बेडरूमवरचा स्लॅब धरला साधारण ११ चौरस मीटर, तर झाले ६०० वॅट. म्हणजे तुमच्या डोक्यावर रात्रभर एक छोटा हीटर उलटा चालू आहे, आतली ऊब बाहेर नेणारा.

मग हीटर घेतला की झालं?

इथे मी कागद-पेन घेऊन बसले. त्याच १० बाय १२ च्या खोलीतली सगळी हवा वजन केली तर भरते ३५ ते ४० किलो. आणि वरचा पाच इंची स्लॅब? सव्वातीन टन. भिंती आणि फरशी अजून धरल्याच नाहीत. खोलीतली हवा १ डिग्रीने तापवायला जेवढी उष्णता लागते त्याच्या ८० पट तरी एकट्या स्लॅबला १ डिग्री चढवायला लागते, विजेच्या भाषेत जवळजवळ पाऊण युनिटाहून जास्त.

घरातल्या या जड वस्तूंमध्ये उष्णता साठून राहते त्याला थर्मल मास म्हणतात. शब्द विसरलात तरी चालेल, जाड बुडाचं पातेलं लक्षात ठेवा. जाड बुडाचं पातेलं उशिरा तापतं आणि उशिरा निवतं. आपलं सिमेंट-विटांचं घर म्हणजे तेच पातेलं. रात्रीचा गारठा त्यात मुरतो आणि दुपारपर्यंत निघत नाही, म्हणून दुपारी दोनला बाहेर २८ आणि आत २१.

हीटर काय करतो, तर ती ३५ किलो हवा पटकन तापवतो, दहा मिनिटांत बरं वाटतं, आणि बंद केला की टनावारी थंड सिमेंट ती ऊब गिळून टाकतं. शिवाय हवा गरम असली तरी आपल्या अंगातून गार भिंतीकडे किरणं जातच राहतात, त्यामुळे थर्मामीटर २२ दाखवतो आणि आपण तरी कुडकुडतो. भिंतीला लागून पलंग असेल तर भिंतीकडची बाजू गार पडते ती याचमुळे, कोणी फुंकर मारत नसतं तिथे.

बिलाचं गणित तर सोपं आहे, २००० वॅटचा हीटर तासाला २ युनिट, रोज ३ तास, महिन्याला १८० युनिट. महावितरणचे दराचे स्लॅब, म्हणजे टप्पे (हा दुसरा स्लॅब!) १०० आणि ३०० युनिटला बदलतात, त्यामुळे नुसते १८० युनिट वाढत नाहीत, वरचे बरेच युनिट महागड्या दराने लागतात.

"पण ऑइलवाला हीटर वीज कमी खातो म्हणे." नाही हो. कॉइलचा, हॅलोजनचा, ब्लोअर, ऑइलवाला, सगळ्यांत वीज तारेतून जाऊन उष्णता होते, १ युनिटला १ युनिटएवढीच. ऑइलवाला बंद केल्यावरही थोडा वेळ गरम राहतो आणि लाल तार उघडी नसते म्हणून लहान मुलं असतील तर बरा, बस. विजेत खरा फरक पडतो तो गरम-थंड दोन्ही करणाऱ्या इन्व्हर्टर एसीत, कारण तो उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेतली ओढून आत आणतो, फ्रीजच्या मागची बाजू गरम असते ना तसं. आपल्याकडच्या थंडीत तो १ युनिटात साधारण ३ युनिटांची ऊब देऊ शकतो. घरात असेल तर रिमोटवरचं सूर्याचं चिन्ह एकदा बघा, कित्येकांना माहीतच नसतं. फक्त थंड करणारा एसी असेल तर मात्र त्याचा उपयोग नाही.

युट्यूबवरचे व्हिडिओ आपल्या घराला का लागू नाहीत

हिवाळ्यासाठी घर कसं तयार करावं म्हणून शोधलं की अमेरिका-कॅनडाचे व्हिडिओ येतात. पाइपातलं पाणी काढून टाका, कारण पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि पाइप फुटतो. खरं आहे, पण तिथे. नाशिक शहरात नळाचं पाणी गोठत नाही. तिकडचं घर म्हणजे पोळ्यांचा हॉटकेस, भिंतीत कापसासारखा थर, डबल काच, आणि आत दिवसरात्र हीटिंग चालू. दुपारी बाहेरही उणे असतं, त्यामुळे त्यांना बाहेरून काही मिळायचंच नाही, आहे ते कोंडून ठेवायचं.

आपल्याकडे रोज दुपारी २७-२८ डिग्री फुकट मिळतात! रात्री १० आणि दुपारी २८, इतका मोठा फरक असलेल्या गावात घर तापवायला बाहेरून इंधन आणायचं कशाला, दुपार आत घ्यायची आणि संध्याकाळी झाकण लावायचं. आपण नेमकं उलट करतो. सकाळी सहाला "ताजी हवा येऊ दे" म्हणून सगळ्या खिडक्या टाकायच्या उघड्या, ती १० डिग्रीची हवा भिंतीत मुरवायची, मग अकराला धूळ येते म्हणून बंद, पडदे ओढून वामकुक्षी. आईची ५० वर्षांची सवय, मोडायला मला दोन आठवडे लागले, आणि अजूनही देवपूजेच्या वेळी एक खिडकी उघडतेच ती.

दक्षिणेची खिडकी आणि छज्जा

नाशिक २० अक्षांशावर आहे. मे महिन्यात दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, पण डिसेंबरच्या शेवटी दुपारी बारालासुद्धा तो दक्षिणेला कललेला, जेमतेम ४६-४७ अंशांवर. म्हणजे साधारण निम्म्या उंचीवर. त्यामुळे जो दोन फुटी छज्जा उन्हाळ्यात दक्षिणेची पूर्ण खिडकी सावलीत ठेवतो तोच डिसेंबरात फक्त वरचे दोन फूट झाकतो, खालचे दोन फूट ऊन सरळ आत. काचेच्या १ चौरस मीटर उन्हातून दुपारी तासाला अर्ध्या युनिटाएवढी ऊब आत येते. चार तास घेतलं तर २ युनिट, बिल नाही.

यात एक गंमत आहे. ऊन पडतं त्या जागी दिवसा सतरंजी, गालिचा काही ठेवू नका, उघड्या फरशीवर पडू द्या, ती सतरंजी उन्हात तापून लगेच निवते पण फरशी साठवते. संध्याकाळी ऊन गेलं की त्याच फरशीवर सतरंजी अंथरा. आणि खिडकीबाहेर वाळत घातलेल्या चादरी, खिडकीत लावलेली काळी फिल्म, कुंड्यांची रांग, हे तीन महिने थोडं इकडेतिकडे सरकवा. काच पुसा, गमतीने नाही सांगत, रस्त्याकडेच्या काचेवर इतकी धूळ असते की ऊन निम्मं बाहेरच राहतं असं वाटतं.

मग माझं वेळापत्रक असं बसलं: अकरा वाजता बाहेरचं तापमान आतल्यापेक्षा वर गेलं की सगळं उघडायचं, साडेचारला सगळं बंद आणि जाड पडदे ओढायचे. पडदा खिडकीच्या चौकटीच्या बाहेर वीतभर आणि खाली ओट्यापर्यंत पाहिजे, नाहीतर काचेला लागून गार झालेली हवा खालून पायांवर घसरत राहते. जुन्या साडीचा दुहेरी अस्तर लावलेला पडदा दुकानातल्या भारी पडद्याइतकंच काम करतो, हे मी करून बघितलंय.

पहिल्या आठवड्यात काही फरक नाही. पातेलं जाड आहे ना. दहाएक दिवसांनी पहाटेचा आकडा १९ वरून २१ वर आला. दोन डिग्री म्हणजे काय मोठं, असं वाटेल, पण स्लॅबच्या हिशोबाने बघा म्हणजे कळेल किती ऊब साठली.

फटी शोधायची उदबत्ती

आपल्या अॅल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडक्या ही एक वेगळीच कथा आहे. दोन शटर एकमेकांवर सरकतात तिथे फट, खाली ट्रॅकमध्ये पावसाचं पाणी जायला भोकं, आणि कडेचा बारीक ब्रश दोन-चार वर्षांत झडून गेलेला. संध्याकाळी वारा असताना उदबत्ती पेटवून खिडकीच्या कडेने हळूहळू फिरवा, धूर जिथे आडवा होईल तिथे फट. ब्रश अॅल्युमिनियमवाल्याकडून बदलून घेता येतो, फोमची चिकटपट्टी हार्डवेअरच्या दुकानात मिळते. ट्रॅकची भोकं कायमची बुजवू नका, कापडाची सुरळी अडकवा, जूनच्या आत काढून टाका, नाहीतर पहिल्या पावसात पाणी घरात. मुख्य दाराखालची फट सगळ्यात मोठी असते आणि तिथे जुनी गोधडी गुंडाळून ठेवली की काम झालं.

"सगळं बंद केलं तर गुदमरणार नाही का?" आपली घरं इतकी हवाबंद कधीच होत नाहीत, आणि दुपारी पाच तास उघडी असतातच. पण एक गोष्ट या सगळ्यापेक्षा महत्त्वाची आहे. बंद खोलीत कोळशाची शेगडी, घमेल्यातले निखारे, असलं काहीही रात्री ठेवायचं नाही. अर्धवट जळणातून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो, त्याला ना वास ना रंग. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा याला २०० पटींहून घट्ट धरतं, म्हणजे ऑक्सिजनची सीटच हा अडवून बसतो. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते, आणि झोप आलीय असं वाटूनच माणूस जातो. बाथरूममधल्या गॅस गिझरचंही तेच. गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत पाहिजे, आणि आत असेलच तर लूव्हर्सच्या काचा पुठ्ठा लावून अजिबात बुजवू नका, पाणी बादलीत भरा, गिझर बंद करा, मग आंघोळीला जा. डोकं जड झालं की आधी दार उघडून बाहेर यायचं, साबण तसाच राहू दे.

फरशी एवढी गार का लागते

एकाच खोलीत रात्रभर ठेवलेला स्टीलचा तांब्या आणि लाकडी पोळपाट यांचं तापमान सारखंच असतं, तरी तांब्या हाताला गार लागतो. कारण स्टील हाताची ऊब झपाट्याने ओढून घेतं. फरशी स्टीलइतकी नाही पण लाकडापेक्षा बरीच पुढे, कोटा असो की व्हिट्रिफाइड. म्हणून फरशी तापवायच्या मागे लागू नका, पाय आणि फरशीच्या मधे काहीतरी येऊ द्या.

गोधडीचं विज्ञान हेच. ऊब कापडात नसते, कापडांच्या थरांमधे अडकलेल्या हवेत असते, कारण न हलणारी हवा उष्णता जाऊ देत नाही. जुन्या साड्यांचे चार-पाच थर आणि त्यावर जवळजवळ धावदोरा, म्हणजे हवेचे बारीक कप्पे. झोपलेला माणूस स्वतः ७०-८० वॅटचा हीटर असतो, फक्त ती ऊब अंगाजवळ राहिली पाहिजे. आणि खालून गारवा येत असेल, विशेषतः बाजेवर किंवा पातळ गादीवर, तर अंगावर तिसरं पांघरूण घेण्याऐवजी एक गादीवर अंथरा.

गच्चीवर पैसे घालायचे असतील तर

टॉप फ्लोअरवाल्यांना उन्हाळा आणि हिवाळा दोन्ही छळतात, त्यामुळे खर्च दोन्हीकडे वसूल होतो असाच करावा. स्लॅबच्या वरून फोमचा थर आणि त्यावर कोबा किंवा चायना मोझॅक, हे सगळ्यात चांगलं, कारण जाड पातेलं आतल्या बाजूला राहतं आणि झाकण बाहेरून बसतं. आतून थर्मोकोल लावून फॉल्स सिलिंग केलं तर खोली लवकर उबदार होते पण स्लॅबची साठवण हातातून जाते. गळतीसाठी गच्चीवर पत्र्याचं शेड टाकतात ते रात्री आभाळ आणि स्लॅब यांच्या मधे छत्रीसारखं येतं, तो फायदा आपोआप मिळतो, दिवसाचं ऊन मात्र अडतं.

"उन्हाळ्यात मारलेला पांढरा रंग हिवाळ्यात नडतो का?" थोडा नडतो, ऊन परत पाठवतो म्हणून. पण आपल्याकडे मार्च ते जून तापतं त्यापुढे दोन महिन्यांचं हे नुकसान किरकोळ आहे, रंग राहू द्या.

मधल्या मजल्यावरच्यांनी स्लॅबची काळजी करायचीच नाही, वर शेजाऱ्यांचं घर ही त्यांची गोधडी. त्यांचा प्रश्न उत्तरेच्या भिंतीचा. तिच्यावर डिसेंबरात ऊन पडतच नाही, तिला चिकटून कपाट असेल तर मागे ओल धरते, बुरशी येते, कारण श्वासातली आणि घरात वाळत घातलेल्या कपड्यांची वाफ सगळ्यात गार जागा शोधून तिथे पाणी होते. कपाट दोन-तीन इंच पुढे ओढा, दुपारी त्या खोलीचं दार उघडं ठेवा.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी पडदा, सतरंजी, फोमपट्टी आणि अकरा ते साडेचार एवढंच करावं, तेवढ्यातच बरंचसं येतं. सोलर असेल तर घरमालकाला एकच विनंती करून बघा, गच्चीवरून खाली येणाऱ्या गरम पाण्याच्या पाइपला काळी फोमची नळी बसवायची. टाकीतलं पाणी गरमच असतं, रात्रभर निवतं ते पाइपातलं, म्हणून सकाळी पहिली बादली थंड येते आणि आपण सोलरला नावं ठेवतो. आमच्याकडे ती बादली आता आईच्या तुळशीला जाते, आणि तुळस गारठली तर तो दोषही माझ्यावरच.